उजवीकडे उभं राहू नका

सर्व्हेसाहेब गेल्याचं पत्र त्यांच्या मुलानं नागपूरहून पाठवलं, त्याला आता पंधरा दिवस झाले. पत्र आटोपशीर आहे. शेवटच्या दिवसांत बाबांनी एकच हट्ट धरला, असं तो लिहितो. माझी खाट अंगणात टाका, म्हणायचे. दुपारचं ऊन असलं तरी त्यांना घरात नको असे. बाहेर आणलं की डोक्यावरची कानटोपी स्वतः ओढून काढत, वर पाहत आणि बराच वेळ हसत राहत. 'डॉक्टरांना वाटलं, भ्रम आहे. आईला विचारलं तर ती तोंडाला पदर लावते; रडते की हसते ते कळत नाही. एवढंच म्हणाली, मास्तरांना विचार. तुम्हाला काही उलगडत असेल तर कळवा.'

उत्तर अजून लिहून झालेलं नाही. मी मुळात सावकाश लिहिणारा, त्यात हे दुखवट्याचं पत्र. दोन ओळी नीट लिहितो आणि तिसरीपाशी मला हसू फुटतं. हे बरं दिसत नाही हे मला कळतं. पण ज्या माणसासाठी रडायचं त्याची आठवणच जर अशी येऊ लागली, तर करायचं काय?

पत्राबरोबर पत्र्याची एक लांब नळीही आली आहे. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

घुग्घुसपासून काही मैलांवर आमची कोळशाची खाण होती. ही पन्नास सालानंतरची गोष्ट, जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. मी खाणीच्या शाळेत मास्तर होतो आणि सर्व्हेसाहेब खाणीचे सर्व्हेयर. जमिनीखाली कोणता बोगदा कुठून कुठं जायचा, ते आखून देणं हे त्यांचं काम. दोन बाजूंनी दोन टोळ्या खणत आल्या की त्या मधोमध अशा भेटत की इकडच्यानं बिडी पुढं केली तर तिकडच्याच्या हातात पडावी. सरळ रेषेच्या बाबतीत अख्ख्या खाणीत त्यांचा शब्द शेवटचा होता. घरातलं देवघरसुद्धा त्यांनी ओळंबा लावून बसवलेलं.

आणि अशा माणसाचा चेंडू काटकोनात जायचा.

चेंडू म्हणजे गोल्फचा. खाणीवर पूर्वी गोरे साहेब होते, त्यांच्यासाठी सहा होलांचं मैदान सर्व्हेसाहेबांनीच आखलं होतं. चांद्याच्या उन्हात हिरवळ कुठून टिकणार? म्हणून प्रत्येक होलाभोवती वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून काळपट, गुळगुळीत वर्तुळ केलेलं असे. त्याला 'ब्राऊन' म्हणत. शेवटचा गोरा मॅनेजर जाताना आपल्या काठ्या सर्व्हेसाहेबांना देऊन गेला. तेव्हापासून रविवार सकाळ म्हणजे खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट आणि खांद्यावर ती पिशवी. काही वर्षं ते चांगले खेळले म्हणतात. मी तिथं पोचलो तोवर त्यांना हा रोग लागलेला होता.

रोग असा. गोल्फच्या लोखंडी काठीला खाली एक पातं असतं. चेंडू पात्यावर बसला तर समोर जातो. पातं आणि दांडा जिथं जुळतात त्या मानेवर बसला, तर तो उजवीकडे असा सुटतो की मारणाऱ्याला वाटावं, आपण मारलाच नाही, दुसऱ्याच कुणी मारला. इंग्रजीत याला शँक म्हणतात. हा शब्द मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे. मैदानावर तो उच्चारायची बंदी होती. आमच्याकडची रानातली माणसं वाघाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणतात. सर्व्हेसाहेबांनी तोच नियम इथं लावला होता. त्यांच्या घरी त्या फटक्याला 'पाहुणा' म्हणत.

"आज पाहुणे आले होते का?" त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातच विचारायच्या.

"आले होते."

"किती?"

"सात."

"बाप्पा! मंग चहा पुरला का?"

हे पाहुणे सगळ्या वसाहतीत फिरून येत. दवाखान्याच्या ओसरीत एक आला आणि कंपाउंडरच्या हातातलं खोकल्याचं औषध त्याच्याच सदऱ्यावर सांडलं. माझ्या शाळेच्या पत्र्यावर 'तडाड' वाजलं की रविवारीही पाढे म्हणायला बसवलेली मुलं उठून उभी राहत आणि एका सुरात ओरडत, "नमस्ते सर्व्हेसाब!" मोहाच्या दिवसांत तर बहार. पहाटे बाया झाडाखाली मोहफुलं वेचत, त्या पांढरट, गोल फुलांत त्यांना चेंडू सापडत. टोपली घेऊन त्या सरळ वहिनींकडे येत. "बाई, तुमच्या घरचं फूल आमच्यात पडलं." वहिनी त्यांना बसवून चहा पाजत. पाहुण्यांमुळे आमच्याकडे माणसांची वर्दळ फार, असं त्या म्हणत आणि ते अगदी खरं होतं.

हळूहळू सगळ्या खाणीला एक वळण लागलं. सर्व्हेसाहेब काठी घेऊन उभे राहिले की बघणारे गुपचूप त्यांच्या डावीकडे सरकत. मी नवा आलो तेव्हा मला पहिली सूचना हीच मिळाली. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, यायच्या उजवीकडे उभे राहू नका. जेवाले बसले तरी नका बसू." आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे सर्व्हेसाहेब जिथं नेम धरतील ती. होलात रोवलेल्या निशाणाच्या काठीपाशी गुराखी खुशाल झोपत.

माझी त्यांची दोस्ती एका पुस्तकामुळे झाली. गोल्फ शिकवणारं इंग्रजी पुस्तक त्यांच्यापाशी होतं. पण दोन्ही हातांत काठी असताना पान कोण उलटणार? म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी डावीकडे उभा राहून मोठ्यानं वाचायचो आणि ते त्याप्रमाणे करायचे. डावा हात ताठ. उजवं कोपर अंगाशी. गुडघे किंचित वाकलेले. हनुवटी वर. दहाव्या सूचनेपर्यंत त्यांची आकृती अशी काही व्हायची की जवळून जाणारी बकरी थांबून बघायची.

"आता?" ते दात आवळून विचारत.

"आता मन मोकळं ठेवा, असं लिहिलंय."

"कुठी ठेवू? जागा उरली का कुठी?"

आणि फटका. आणि पाहुणा.

मग ते अजिबात न चिडता पिशवीतून टेप काढत, चेंडू पडला तिथवर मोजत जात, कोन घेत आणि घरी येऊन मेणकापडावर एक बारीक लाल रेघ ओढत. प्रत्येक पाहुण्याची एक रेघ. "रोग आहे तर त्याचा नकाशा पाह्यजे," म्हणायचे. मैदानाच्या नकाशावर उजवीकडे त्या लाल रेघांचा झाडूच तयार झाला होता.

त्यांच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायचं राहिलं. ते फार उंच होते आणि जुन्या खाणीत छत साडेचार फुटांवर. तीस वर्षं ते तिथं वाकून चालले. मी यायच्या आधी एकदा विसरले, त्याची खूण कपाळावर मधोमध होती. नवखी माणसं तिला टिळा समजत. त्यामुळे वर आल्यावरही ते वाकत. शाळेचा दरवाजा आठ फुटांचा, तरी वाकूनच आत येत. लग्नाच्या मांडवात वाकत. एकदा चांद्याच्या स्टेशनवर, उघड्या फलाटावर, इंजिन शिट्टी वाजवत आलं तेव्हा मान खाली घातलेली मी पाहिली आहे. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही. पुस्तक वाचणाऱ्या मला तर नाहीच नाही.

त्याच सुमारास नवे मॅनेजर आले. उत्तरेकडचे, गोरेपान, टापटिपीचे. त्यांची पांढरी पँट सबंध खाणीत प्रसिद्ध होती, कारण कोळशाच्या त्या मुलखात पांढरं काही टिकतं यावर आमचा विश्वासच नव्हता. त्यांचा बंगला तिसऱ्या होलच्या उजव्या हाताला होता. म्हणजे काय होणार ते उघड होतं. एका रविवारी पाहुणा बंगल्याच्या गच्चीवर गेला आणि मेमसाहेबांनी उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी फुटली.

मॅनेजर स्वतः मैदानात आले. त्यांच्या हातात चेंडू होता, त्याला मोहरीचं तेल लागलेलं.

"सर्वेसाब, बहुत हो गया. अगले इतवार को क्लब का मॅच है. तीन नंबर पर एक भी बॉल मेरे बंगले की तरफ आया, तो काठियाँ जमा. हमेशा के लिए."

सर्व्हेसाहेब "ठीक आहे साहेब" म्हणाले. घरी येताना मात्र पिशवी जमिनीवरून ओढत ते चालले. मी धीर द्यायचा म्हणून म्हटलं, "खेळच आहे, साहेब. दुसरं काही शोधू. बुद्धिबळ आहे, वाचनालय आहे."

ते थांबले. "मास्तर, मी हप्त्याचे सहा दिवस जमिनीच्या पोटात राह्यतो. तिथी दहा पावलांवर अंधार. कोणतीच गोष्ट दूर जात नाई. सातव्या दिवशी वर येतो, मारतो, आन् ते चेंडू दूर जाताना पाह्यतो. तिरपा जाते, पण दूर तं जाते! तेवढंच हाय माझं. ते बुद्धिबळात कुठी भेटंन?"

मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि आम्ही चालू लागलो.

गुरुवारी दुपारी आम्ही दोघं रजा टाकून मोहाच्या झाडाखाली सराव करत होतो. पहिल्या पाळीवरून सुटलेला सोमाभाऊ तिथं येऊन टेकला. हा सूरजागडच्या डोंगराकडचा गोंड माणूस, खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचा. टेकू कुठं लावायचा ते ठरवायला तो लोखंडी सळईनं छत ठोकून बघे. घट्ट दगड खणखण वाजतो, सुटलेला दगड पोकळ वाजतो. सोमाभाऊनं मान हलवली की अख्खी टोळी मागं सरायची. त्याच्या कानाच्या भरवशावर शंभर माणसं खाली उतरत.

त्यानं डोळे मिटले होते. मी वाचत होतो.

"मास्तर, थोडं थांबा. आवाज आयकू द्या."

सर्व्हेसाहेबांनी मारला. चेंडू नाल्यात गेला.

"हा मानेचा आवाज व्हय," सोमाभाऊ म्हणाला. "पात्याचा नाई."

"भाऊ, तुम्ही तर डोळे मिटून बसलात," मी म्हणालो.

"छत कोणी डोळ्यानं पाह्यते का, मास्तर?" तो उठला. "नवा माणूस कुऱ्हाड मारते, तं पातं लाकडाच्या पार जाते आन् दांडा आदळते. काऊन? उभा बरोबर राह्यते, पण मारता मारता आंग पुढं टाकते. साहेब, मारा आखीन एक."

आता तो बाजूनं बघत होता. फटका झाला, पाहुणा गेला, आणि सोमाभाऊ एकदम असा हसायला लागला की त्याला ठसका लागला. झाडाला धरून तो हसत होता. सर्व्हेसाहेब ओशाळून उभे होते.

"काऊन हसून राह्यला रे?"

"साहेब, तुम्ही डोस्कं वाचवून राह्यले! काठी वर गेली का तुम्ही वाकता, आन् वाकले का आंग पुढं. टोला लागंन म्हणून!" त्यानं हात वर करून आभाळाकडे बोट दाखवलं. "साहेब, इथी छत नाई!"

सर्व्हेसाहेबांचा हात कपाळावरच्या खुणेकडे गेला. त्यांनी वर पाहिलं. मला वाटतं, मैदानावर उभं राहून त्यांनी वर पाहण्याची ती पहिलीच वेळ. वर मोहाच्या फांद्या होत्या, त्यांच्यावर एक घार, आणि तिच्यावर काही नव्हतं.

"आयला," ते म्हणाले. "खरंच नाई."

मग माझ्याकडे वळून, "मास्तर, पुस्तकात हाय का हे?"

मी पानं चाळली. "नाही."

"कसं असंन? लिवणारा कायले खाणीत गेला असंन!"

तिथून पुढचे अडीच दिवस मला अजून एखाद्या जत्रेसारखे आठवतात. सोमाभाऊनं टेकूचा एक आखूड तुकडा आणला आणि चेंडूच्या पलीकडे, चार बोटांवर, जमिनीत ठोकला. अंग पुढं गेलं की काठी त्या लाकडावर आदळणार. गुरुवारी त्याच्या ढलप्या उडाल्या. सर्व्हेसाहेबांच्या मनगटाला वहिनींनी हळद बांधली. शुक्रवारी सोमाभाऊनं सोला हॅट काढून घेतली. "टोपी हाय तोवर तुमच्या डोस्क्याले छत वाटते." प्रत्येक फटक्याआधी वर बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "छत नाई." टाचा जमिनीत रोवायच्या आणि मारायचं. शुक्रवारी संध्याकाळी टेकू शाबूत राहिला आणि चेंडू समोर गेला. सरळ.  मग सर्व्हेसाहेब त्या चेंडूमागे धावत सुटले, आणि त्यांच्यामागे, कारण नसताना, आम्ही दोघं. तीन मोठी माणसं मैदानातून ओरडत धावताहेत हे बघून दवाखान्यातले रोगी खिडकीशी आले.

शनिवारी मात्र तिसऱ्या होलवर उभं राहून मारले, तेव्हा उजवीकडे बंगला दिसला आणि शेवटचे दोन चेंडू झाडीत गेले. रेघा ओढायलाही त्यांनी कापड उघडलं नाही.  वहिनी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "उद्या पाहुणे आले तं आले. इतक्या वर्षांचे हायेत. त्यायलेही जेवू घालू." सर्व्हेसाहेब हसले, पण तोंडापुरते.

रविवारी सगळी खाण लोटली होती. सगळी डावीकडे. उजवीकडे चिटपाखरू नव्हतं. बंगल्याच्या ओसरीत मेमसाहेबांनी एक खाट उभी करून तिच्याआड आपली खुर्ची मांडली होती. मॅनेजरसाहेब कुठं बसावं या विचारात होते, तेव्हा कंपाउंडरनं आदबीनं सल्ला दिला, "साहेब, निशाणाजवळ बसा. तिथी आजपर्यंत काही आलं नाई." ते त्यांना पटलं. ब्राऊनच्या कडेला खुर्ची टाकून, पांढरी पँट सावरून ते बसले.

सर्व्हेसाहेब उभे राहिले. सोला हॅट काढून सोमाभाऊच्या हातात दिली. आणि वर पाहिलं.

ते इतका वेळ वर पाहत राहिले की लोकांना वाटलं, देवाचा धावा चाललाय. कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. मीही जोडले असावेत.

"छत नाई," ते म्हणाले आणि काठी वर गेली.

डोकं खाली आलं नाही.

चेंडू कसा गेला ते मात्र मी सांगू शकत नाही, कारण तो कुणीच पाहिला नाही. काठी फिरताक्षणी सवयीनं आम्ही सगळ्यांनी माना उजवीकडे वळवल्या होत्या. खाणीचे चारशे डोळे मॅनेजरच्या बंगल्याकडे लागलेले. मॅनेजर स्वतःसुद्धा निशाणापाशी बसून, मान वेळावून, काळजीनं आपल्या बंगल्याकडेच बघत होते. सोमाभाऊ तेवढा डोळे मिटून उभा होता.

"पातं," तो म्हणाला.

पुढच्याच क्षणी समोरून ठक् असा आवाज आला. चेंडू एक टप्पा घेऊन खुर्चीच्या पायावर बसला होता. साहेब दचकून उठले, खुर्ची मागं गेली, पाय तेलकट वाळूवरून सटकला आणि ते ब्राऊनच्या मधोमध खाली बसले. चांगले ऐसपैस बसले.

 साहेब उठले. बंगल्याकडे पाहायला वळले, आणि जमलेल्या सगळ्यांना पँटची मागची बाजू दिसली. तिच्यावर खाणीच्या इंजिनाचं सगळं जळकं तेल गोल उमटलं होतं. तरी सगळे चूप. नोकरी प्रत्येकाला प्यारी असते. मग बंगल्याच्या ओसरीतून, उभ्या खाटेच्या मागून, मेमसाहेबांचं हसू ऐकू आलं. आधी दबलेलं, मग न आवरणारं. शेवटी ती खाटच आडवी झाली. मग काय, बांध फुटला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसली. कंपाउंडर तेवढा हळूहळू दवाखान्याच्या दिशेनं निघाला होता.

मॅनेजरसाहेब चेंडू उचलून सर्व्हेसाहेबांपाशी आले. चेहरा लाल. चेंडू त्यांच्या हातावर ठेवला.

"बंगले की तरफ नहीं आया," ते म्हणाले. "जबान दी है. खेलते रहिए." दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले. "लेकिन अगली बार मैं दाहिने बैठूँगा."

सर्व्हेसाहेबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते अजून वरच पाहत होते आणि हसत होते.

त्यानंतरही पाहुणे अधूनमधून आले. नाही असं नाही. पण आले की सर्व्हेसाहेब टोपी काढत, वर बघत, आणि ते निघून जात. दारातून वाकून आत येणं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही.

काल मी ती पत्र्याची नळी उघडली. आत मेणकापड आहे. मैदान, नाला, शाळा, बंगला, सगळं जागच्या जागी. उजवीकडे लाल रेघांचा तो भलामोठा झाडू. आणि तिसऱ्या होलवर एकच रेघ समोर गेलेली, निळ्या शाईची. तिच्या टोकाशी त्यांनी एक लहानशी खुर्ची काढली आहे. मोजमापाच्या माणसानं नकाशात चित्र काढलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

आज खुर्ची अंगणात आणून बसलो आहे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आहे. वर पाहून घेतलं. मग पत्र लिहायला घेतलं, आणि या वेळी तिसऱ्या ओळीपाशी थांबलो नाही.

'चिरंजीव, तुझ्या बाबांना भ्रम झाला नव्हता. वर छत नाही ना, एवढंच ते बघून घेत होते. त्याचं असं झालं, आमच्या एका मॅनेजरांकडे एक पांढरी पँट होती...'